बोनेट राहू द्या, आत डोकवा: जुन्या मसल कारचे फोटो आतून कसे वाचायचे

आमच्या आतोबांची एक स्लाइड आहे. गाडीचं दार सताड उघडं, एक पाय आत, एक बाहेर, डोळ्यांवर काळा चष्मा, हात स्टिअरिंगवर. गाडी बाहेरून जेमतेम दिसते. दार, आरशाचा तुकडा, थोडा निळा पत्रा, बस्स. दिवे, जाळी, नंबरप्लेट सगळं चौकटीबाहेर. घरात वर्षानुवर्षं सांगितलं जातं, "ही सदुसष्टची मस्टँग, अमेरिकेत पाऊल ठेवल्या ठेवल्या घेतलेली." एका दुपारी मी ती स्लाइड भिंगाखाली धरली आणि अर्ध्या तासात कळलं की ही गाडी सदुसष्टची असूच शकत नाही. हे सांगणाऱ्या सगळ्या खुणा गाडीच्या आत होत्या.

स्थलांतराच्या १९६५च्या कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या पुष्कळ मराठी घरांच्या अल्बमांत असा 'पहिल्या गाडीचा' फोटो सापडतो. शिवाय आता इंटरनेटवर जुन्या अमेरिकन गाड्यांच्या फोटोंचा पूर आहे, आणि त्याखाली 'अतिदुर्मीळ', 'फक्त एकच बनली' असल्या ओळी. बहुतेक ओळी चुकीच्या असतात. चूक एकाच प्रकारची असते: आज विचित्र वाटणारी वस्तू त्या काळी साधी होती, आणि साधी वाटणारी खरोखर वेगळी होती. त्यामुळे आतली कुठलीही वस्तू पाहिली की पहिला प्रश्न हाच विचारायचा: ही कारखान्याने बसवली, विक्रेत्याने, की मालकाने? पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नासाठी आहेत.

मसल कार कशाला म्हणायचं यावर शौकीन आजही भांडतात. ढोबळ मानाने, मध्यम आकाराच्या आणि परवडणाऱ्या गाडीत मोठ्या गाडीचं दांडगं व्ही-८ इंजिन. १९६४च्या पॉन्टिॲक जीटीओमध्ये ३८९ घनइंची, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन आलं आणि तिथून लाट सुरू झाली असं बहुतेक जण मानतात. मस्टँग आणि कॅमारोला काटेकोर माणूस 'पोनी कार' म्हणेल. म्हणू दे. आतून वाचायची पद्धत तीच.

आतूनच का? पट्टे, बिल्ले, रंग, चाकं या गोष्टी शनिवार-रविवारी घरी बदलता येतात. साध्या गाडीला जीटीओचा बिल्ला लावणारे तेव्हाही होते. पण डॅशबोर्ड बदलणं, किल्लीची जागा हलवणं, सीटचं कापड कारखान्याच्या नमुन्यात शिवणं, इतका उपद्व्याप सहसा कोणी करत नाही.

१. आधी फोटोच नीट हातात घ्या

कागदी फोटो किमान ६०० डीपीआयवर स्कॅन करा. ३५ मिलिमीटरची स्लाइड असेल तर २४०० किंवा त्याहून जास्त. मोबाइलने फोटोचा फोटो काढला तर डायलवरचे आकडे मिटतात आणि मग सगळं अंदाजपंचे होतं.

फोटोची पाठ आणि कडा स्कॅन करायला विसरू नका. कोडॅकच्या पुठ्ठ्याच्या स्लाइडवर आणि साठच्या दशकातल्या पुष्कळ प्रिंटांच्या पांढऱ्या कडेवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ती तारीख फिल्म धुतल्याची. फोटो काढल्याची नव्हे. रोल कॅमेऱ्यात पडून राहिला तर दिवाळी आणि पुढचा गणपती एकाच पाकिटात यायचे, हे आपल्यालाही माहीत आहे. तरी एक गोष्ट पक्की: फोटो त्या तारखेनंतरचा असू शकत नाही. फोटो चौकोनी असेल तर तो बहुधा कोडॅकच्या इन्स्टामॅटिकचा, आणि हा कॅमेरा १९६३मध्ये बाजारात आला.

रंगावर लगेच विश्वास टाकू नका. कोडाक्रोम स्लाइड अंधारात ठेवली असेल तर रंग छान टिकतात. त्या काळच्या एक्टाक्रोमचे आणि साध्या रंगीत प्रिंटांचे रंग उडतात, फोटो लालसर-जांभळट होतो आणि गडद निळं रेक्झिन काळं दिसायला लागतं. फोटोत कुठेतरी पांढरा शर्ट किंवा पांढऱ्या भिंतीचा तुकडा शोधा, तो पांढरा होईपर्यंत स्कॅनमधला रंग सुधारा आणि मगच सीटचा रंग ठरवा.

आणखी एक. फोटो 'स्पष्ट' करून देणारी एआयची साधनं इथे वापरू नका. पुसट डायलवर ती स्वतःच्या मनाने आकडे रंगवतात, शिवण नसेल तिथे शिवण काढतात. मग आपण गाडी वाचत नसतो, यंत्राची कल्पनाशक्ती वाचत असतो.

२. चित्र आहे की फोटो? सुलट आहे की उलट?

त्या काळच्या जाहिरातींतल्या सुंदर गाड्या पुष्कळदा फोटो नसून रंगवलेली चित्रं असत. पॉन्टिॲकच्या १९५९पासूनच्या प्रसिद्ध जाहिराती आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन ही जोडी रंगवत असे. गाडी मुद्दाम जास्त रुंद दाखवायची ही त्यांची खासियत. असल्या चित्रावरून आतल्या सीटचा अंदाज बांधू नये. कंपनीने वार्ताहरांना दिलेल्या पहिल्या फोटोंत अनेकदा विक्रीपूर्व नमुन्याची गाडी असते, तिथेही एखादं बटण किंवा पट्टी पुढे बदललेली सापडते.

स्टिअरिंग उजवीकडे दिसलं की आपल्याला काही खटकत नाही, आपण त्यातच वाढलो. पण अमेरिकन मसल कारमध्ये ते डावीकडे हवं. उजवीकडे असेल तर आधी निगेटिव्ह उलटी छापली आहे का पाहा: नंबरप्लेट, रेडिओवरचे आकडे, शर्टाचा खिसा. ते सुलट असतील तर मात्र गंमत आहे. फोर्डने १९६५-६६च्या काही मस्टँग ऑस्ट्रेलियात उजव्या हाताच्या करून विकल्या होत्या. मुंबईच्या जुन्या फोटोतली उजव्या स्टिअरिंगची डॉज किंवा प्लिमथ मात्र बहुधा कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये जोडलेली, पन्नाशीच्या दशकातली शांत कुटुंबवत्सल गाडी असते. तिला मसल कार म्हटलं तर तीच लाजेल.

फोटो मुळातच एआयने बनवलेला असेल ही शक्यताही आता धरावी लागते. पायाकडे बघा. तीन पेडल आणि शेजारी ऑटोमॅटिकचा दांडा, किंवा दोन पेडल आणि हातात चार गिअरचा गोळा, असा घोळ तिथे हमखास असतो. स्टिअरिंगच्या आऱ्या मध्यभागी नीट जुळत नाहीत आणि सीटबेल्ट कुठून तरी निघून कुठेच जात नाही.

३. कायद्याने हललेल्या वस्तू

ही सगळ्यात भरवशाची पायरी, त्यामुळे इथे घाई नको. १९६६मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला आणि त्यानंतर गाडीच्या आतल्या एकेका वस्तूला तारीख चिकटली. कंपनीची हौस, मालकाची हौस, विक्रेत्याची लबाडी, कशाचाच या तारखांवर परिणाम होत नाही.

खांद्यावरचा पट्टा बघा. १ जानेवारी १९६८पासून बनलेल्या बंद छताच्या गाड्यांत पुढच्या दोन्ही बाजूंना खांद्याचा पट्टा सक्तीचा झाला. तो आजच्यासारखा कमरेच्या पट्ट्याला जोडलेला नसे. वेगळा, लांबलचक, आणि बहुतेक लोक तो लावत नसत, त्यामुळे दाराच्या वर छताला दोन चिमट्यांत गुंडाळून अडकवलेला दिसतो. फोटोत छताच्या कडेला काळी जाड पट्टी दिसली तर ती शोभेची झालर नाही. उघड्या छताच्या गाड्यांना यातून सूट होती, तेव्हा कन्व्हर्टिबलमध्ये पट्टा नाही म्हणून ती आधीची ठरवू नका. कमरेचा आणि खांद्याचा पट्टा एकत्र शिवलेला आणि आपोआप गुंडाळणारा दिसला तर गाडी १९७४च्या आसपासची किंवा पट्टा नंतर बदललेला.

मग डोक्यामागची उशी. १ जानेवारी १९६९पासून बनलेल्या गाड्यांना पुढच्या सीटवर हेडरेस्ट सक्तीचे. त्याआधीही ती जास्तीचे पैसे देऊन मिळत, त्यामुळे १९६७च्या गाडीत हेडरेस्ट दिसली तर दचकू नका. उलटी बाजू जास्त उपयोगाची आहे. अमेरिकेत १९६९चं मॉडेल १९६८च्या शरद ऋतूतच विक्रीला येई. म्हणून १९६९च्या मॉडेलमध्ये हेडरेस्ट नसेल तर ती गाडी बहुधा १९६८च्या शेवटच्या महिन्यांत बनलेली. मालकाने उपटून माळ्यावर टाकल्याची शक्यता उरते, म्हणून सीटच्या माथ्यावर दांड्याची भोकं दिसतात का तेही पाहा.

तिसरी वस्तू किल्ली, आणि मला विचाराल तर सगळ्यात बोलकी. जुन्या गाड्यांत किल्ली डॅशबोर्डवर लागे. १ जानेवारी १९७०पासून चोरीविरोधी कुलपाचा नियम आला आणि किल्ली स्टिअरिंगच्या दांड्यावर गेली. जनरल मोटर्सने, म्हणजे कॅमारो आणि पॉन्टिॲकवाल्यांनी, हे एक वर्ष आधीच, १९६९च्या मॉडेलपासून केलं. फोर्ड आणि क्रायस्लरने (डॉज-प्लिमथवाले) १९७०ला. म्हणजे १९६९ची कॅमारो असेल तर किल्ली स्टिअरिंगच्या दांड्यावर, आणि १९६९ची मस्टँग असेल तर डॅशबोर्डवर. फोटोत किल्ली दिसत नसली तरी तिला लटकणारा जुडगा बरेचदा दिसतो. तो कुठे लोंबतोय बघा.

आतोबांच्या स्लाइडमध्ये जुडगा स्टिअरिंगच्या दांड्याला, उजव्या अंगाला लोंबतोय. म्हणजे मस्टँग असेल तर १९७०चं मॉडेल किंवा नंतरची. सदुसष्ट तिथेच संपलं.

कायद्याशी संबंध नसलेली एक खूण याच ओघात सांगतो: दाराच्या काचेपुढची छोटी तिकोनी काच. १९६७च्या कॅमारो आणि फायरबर्डला ती आहे, १९६८ला नाही. दोन्ही गाड्या एरवी इतक्या सारख्या की लोक गोंधळतात.

४. गिअरचा दांडा

'विचित्र' म्हणून सगळ्यात जास्त फिरणारे फोटो याचेच असतात. तीन-चार नमुने ओळखता आले तरी पुष्कळ.

पिस्तुलाची मूठ. १९७०पासून डॉज आणि प्लिमथच्या चार गिअरच्या गाड्यांत लाकडासारख्या दिसणाऱ्या तुकड्यांची, पकडीत बसणारी मूठ आली. हर्स्ट कंपनीचं काम. चॅलेंजर, 'कुडा (म्हणजे बॅराकुडा), चार्जर, रोड रनर, सगळ्यांत मिळे. ती दिसली की लोक क्रायस्लरच्या नामांकित दांडग्या इंजिनाचं नाव घेऊन 'हेमी! हेमी!' ओरडतात. मुठीचा इंजिनाशी संबंध नाही. हाताने बदलायचे चार गिअर आहेत, एवढंच ती सांगते.

दुहेरी खाच. १९६७च्या जीटीओमध्ये ऑटोमॅटिक गिअर आणि मधला कन्सोल (दोन सीटमधली लांबट पेटी) घेतला की हर्स्टचा 'ड्युअल गेट' येई. एका दांड्याला शेजारी-शेजारी दोन वाटा: डावीकडून साधं ऑटोमॅटिक, उजवीकडून एकेक गिअर आपल्या हाताने चढवायचा. जाहिरातीत याला 'त्याचा आणि तिचा' गिअर म्हणत. तिची वाट कुठली, हे त्या काळच्या जाहिरातवाल्यांना सांगावं लागलं नसेल. फोटोत दांड्याच्या बुंध्याशी दोन समांतर फटी दिसल्या तर हाच.

इंग्रजी टी-आकाराची मूठ जीटीओमध्ये दिसली तर १९६९ची 'जज' आहे का तपासा. तिच्या ग्लोव्ह बॉक्सवर तसं नावही असतं. मात्र हर्स्टचे दांडे दुकानातही सुटे मिळत. तिथे मूठ आणि बुंध्याचं रबर दोन्ही पाहा. कारखान्याचा दांडा जमिनीतून किंवा कन्सोलमधून स्वच्छ निघतो. घरी बसवलेल्याच्या भोवती कापलेला गालिचा आणि चार स्क्रू दिसतात.

५. डायल आणि स्टिअरिंग

काटे वाचताना स्कॅनची चमक थोडी कमी करा, काचेवरचं प्रतिबिंब दबतं.

सुरुवातीच्या साध्या मस्टँगमध्ये आडवा, पट्टीसारखा स्पीडोमीटर आहे, कंपनीच्या फाल्कन या साध्या गाडीच्या वळणाचा. पाच गोल डायलांचा संच १९६५मध्ये जीटी किंवा वरच्या सजावटीसोबत येई. १९६६पासून सगळ्यांना मिळाला. स्टिअरिंगच्या दांड्यावर दोन कानांसारखे दोन डायल खोगीर घातल्यागत बसलेले दिसले तर तो 'रॅली-पॅक': एकात इंजिनाचे फेरे, दुसऱ्यात घड्याळ.

घड्याळ आणि फेरे मोजणारा टॅकोमीटर एकाच डायलमध्ये एकात एक बसवल्याचंही दिसेल. बाहेरच्या वर्तुळात हजारांचे आकडे, आत तासकाटा-मिनिटकाटा. शौकीन त्याला 'टिक-टॉक-टॅक' म्हणतात. १९६८च्या चार्जरमध्ये तो मिळे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं कोणी तरी घरचं घड्याळ खुपसलंय.

पॉन्टिॲकमध्ये १९६७पासून याहून अजब प्रकार होता. टॅकोमीटर गाडीच्या आत नाहीच, बोनेटवर, काचेच्या पलीकडे एका डबीत, ड्रायव्हरकडे तोंड करून. आतून काढलेल्या फोटोत काचेबाहेर उंचवटा दिसला तर तो धूळ झटकायचा ब्रश समजू नका.

डायलांमध्ये माझी आवडती १९६६ची डॉज चार्जर. चार गोल डायल, आणि त्यांच्या मागे नेहमीचे बल्ब नाहीत. पृष्ठभागच उजळतो अशी विद्युत्-प्रकाशाची योजना. आत चार स्वतंत्र बकेट सीट, मधून पुढपासून मागपर्यंत गेलेला कन्सोल, आणि मागच्या दोन्ही सीट पुढे घडी होणाऱ्या. रात्रीच्या फोटोत तिचे डायल सलग, निळसर-हिरवट तेजाने उजळलेले दिसतात, आणि दुसऱ्या गाडीशी गल्लत होत नाही.

स्टिअरिंगकडे वळू. दार उघडं आणि स्टिअरिंग वाकडं होऊन मधल्या बाजूला कललेलं दिसलं तर गाडीला अपघात झालेला नाही. १९६७च्या मस्टँगमध्ये जास्तीचे पैसे दिले की अशी सोय मिळे: दार उघडलं की स्टिअरिंग स्वतःहून बाजूला सरकून उतरायला जागा देई. दुसरी गोष्ट हॉर्नच्या बटणाची. १९६९च्या मस्टँग मॅक-१मध्ये हॉर्नचं बटणच नाही. स्टिअरिंगचं कडं आतल्या बाजूने आवळलं की हॉर्न वाजे. कड्याच्या आतल्या अंगाला रबराची बारीक शीर दिसते. आतोबांच्या अंगठ्याखाली ती स्पष्ट आहे. आणि पलीकडे, शेजारच्या माणसासमोर डॅशबोर्डवर मोठं गोल घड्याळ: १९६९-७०च्या मस्टँगच्या वरच्या सजावटीची खूण. किल्ली आणि घड्याळ एकत्र ठेवलं की उरतं फक्त १९७०. पुढचे दिवे दिसले असते तर हे एका क्षणात झालं असतं, कारण १९६९च्या मस्टँगला चार दिवे आणि १९७०च्या गाडीला दोन. पण ते दिसत नव्हते म्हणून तर एवढी मजा आली.

६. कापड, रेक्झिन आणि फुलं

इथे त्या काळाची फॅशन सरळ गाडीत शिरलेली दिसते. १९६५-६६च्या मस्टँगच्या वरच्या सजावटीत सीटच्या पाठीवर पळत्या घोड्यांचा कळप उठावाने छापलेला असतो. उजेड तिरपा असेल तरच घोडे दिसतात, समोरून फ्लॅश मारला तर सपाट होतात. म्हणून स्कॅनमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून बघा.

फुलाफुलांचं छत दिसलं तर कोणी पडदे चिकटवले असं समजू नका. प्लिमथने १९६९-७०मध्ये 'मॉड टॉप' नावाने कारखान्यातूनच फुलांचं व्हायनिल छत दिलं, आणि आतल्या सीटवरही त्याच फुलांचा पट्टा मिळे. बॅराकुडाला पिवळी-हिरवी, सॅटेलाइटला निळी-हिरवी फुलं. आजीच्या टेबलक्लॉथची आठवण येते खरी. छत फुलांचं आणि सीट साध्या असतील तर एक काहीतरी नंतर बदललेलं असू शकतं, पण तेवढ्यावरून ठरवू नका.

१९६९च्या कॅमारोत हाउंडस्टुथ, म्हणजे दातेरी चौकड्यांचं कापड मिळे. त्या वर्षीच्या इंडियानापोलिस शर्यतीसाठीच्या पांढऱ्या पेस कारमध्ये (सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे धावणारी गाडी) तर ते नारिंगी-काळं होतं. हे बारीक चौकडे फोटोत दगा देतात. छापील मासिकातून स्कॅन केलेल्या फोटोत छपाईचे ठिपके आणि कापडाचे चौकडे एकमेकांत गुंतून लाटा उमटतात, किंवा सगळं करड्या रंगाचं सपाट दिसतं. स्कॅनरवर पान दोन-चार अंश तिरकं ठेवून पुन्हा स्कॅन करा; लाट बदलली तर ती छपाईची, चौकडे जागेवर राहिले तर कापडाचे.

सगळ्यात चक्रावणारं कापड जॅव्हलिनचं. अमेरिकन मोटर्सने १९७२-७३मध्ये फ्रेंच वेशभूषाकार पिएर कार्दँची खास आवृत्ती काढली: काळ्या पार्श्वभूमीवर लाल, आलुबुखारी, पांढरे आणि रुपेरी पट्टे सीटवरून उठून दारावर जातात आणि वर छताकडेही वळतात. मसल कारमध्ये पॅरिसचा शिंपी बसवावा हे कोणाला सुचलं असेल, याचं मला अजून नवल वाटतं, पण दिसतं झकास. याच कंपनीने १९७३ला ग्रेमलिन या छोट्या गाडीत लिव्हाइसच्या जीन्सचं आतलं काम दिलं, तांब्याच्या रिबिटांसकट. ते कापड खरं डेनिम नाही. आगीच्या नियमात डेनिम बसेना, म्हणून नायलॉन तसं विणलं.

७. काय नाही, तेही बघा

अनुभवी नजर रिकाम्या जागेवर आधी जाते. १९६८च्या रोड रनरमध्ये गालिच्याऐवजी रबराची चटई आणि सरळ बाकासारखी सीट असेल तर गाडी कंगाल केलेली नाही. ती तशीच स्वस्त आणि वेगवान म्हणून विकली जाई. रेडिओच्या जागी कोरी पट्टी म्हणजे रेडिओ चोरीला गेला असं नाही, गिऱ्हाइकाने तो घेतलाच नसेल.

काही गाड्या मात्र शर्यतीसाठी कारखान्यातूनच सोलून काढलेल्या. १९६४ची फोर्ड थंडरबोल्ट अशा सुमारे १०० बनल्या: रेडिओ नाही, हीटर नाही, दारावर हात टेकायला काही नाही, शेजारच्या माणसाला सनव्हायजर नाही आणि त्याच्या बाजूला वायपरही नाही. १९६८च्या हेमी डार्ट आणि हेमी बॅराकुडामध्ये मागची सीट काढलेली, पुढे ए-१०० या व्हॅनच्या हलक्या सीट, आणि दाराला काच फिरवायचं हँडलच नाही. काच एका पट्ट्याने ओढून वर घ्यायची. दाराच्या आत लोंबता पट्टा दिसला तर कोणी जुगाड केला असं आपल्याला वाटतं. इथे तोच अस्सलपणाचा पुरावा.

१९६५च्या शेल्बी जीटी-३५०मध्ये मागच्या सीटच्या जागी फळी आणि त्यावर स्टेपनी. शर्यतीच्या नियमात गाडी दोन सीटची ठरावी म्हणून ही खटपट. डॅशबोर्डच्या मध्यावर टॅकोमीटर आणि तेलाच्या दाबाचा डायल एका जोडडबीत असतात. दोन्ही खुणा एकत्र दिसल्याशिवाय शेल्बी म्हणायची घाई करू नका, कारण मागची सीट कोणीही काढू शकतो.

कारखान्याचा आकडा आतच लिहिलेला असतो, असंही एक उदाहरण आहे. अमेरिकन मोटर्सच्या १९६८-६९च्या एएमएक्स गाडीच्या डॅशबोर्डवर क्रमांकाची छोटी पाटी आहे. वाचता आली तर उत्तम, पण तो क्रमांक चासिसच्या क्रमांकाशी जुळत नाही. त्यावरून गाडी शोधायला गेलात तर फसाल.

८. मालकाचा थर

शेवटी माणसं. डॅशबोर्डखाली स्क्रूने लटकवलेले डायल, स्टिअरिंगच्या दांड्याला पट्टीने बांधलेला सन कंपनीचा टॅकोमीटर, पांढऱ्या गोळ्याचा गिअर: ही सगळी मालकाची किंवा त्याच्या मित्राच्या गॅरेजची कामं.

गाणी ऐकायचं यंत्र तारीख सांगायला मदत करतं. आठ ट्रॅकची टेप फोर्डने १९६६च्या मॉडेलपासून कारखान्यातून दिली. क्रायस्लरने १९७१पासून कॅसेटचं यंत्र दिलं, त्याला मायक्रोफोनही जोडता येई, म्हणजे गाडी चालवता चालवता आवाज टेप करा. फोटोत कुणाच्या हातात तारेचा माइक दिसला तर तो पोलिसांचा वायरलेसच असेल असं नाही. सीबी रेडिओचा (गाडीतून गाडीत बोलायचा वायरलेस) माइक असेल तर फोटो बहुधा सत्तरच्या दशकाच्या मध्याचा किंवा नंतरचा. त्यावर ४० चॅनेल दिसली तर १९७७च्या आधीचा नाही, कारण तोवर २३च होती.

काचेवरचे तपासणीचे स्टिकर, पार्किंगचे परवाने, मागच्या फळीवरचं मासिक, हेही वाचा. पण एक पथ्य पाळा: या थरातून फोटोची तारीख कळते, गाडीची नाही. १९६६ची गाडी १९७५मध्येही कोणी तरी चालवतच होतं.

९. ताळा

तुमचा अंदाज एका ओळीत लिहा आणि त्याच्याशी भांडणारी निदान एक गोष्ट फोटोत शोधा. सापडली नाही तर त्या वर्षाचं कंपनीचं विक्रीपत्रक काढा. बहुतेकांच्या प्रती इंटरनेटवर स्कॅन केलेल्या सापडतात. सीटचे रंग आणि कापडं त्यात वर्षवार दिलेली असतात. विक्रेत्यांच्या रंग-कापडाच्या अल्बमांत तर खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवलेले असत.

गाडी अजून कोणाकडे असेल आणि चासिस क्रमांक मिळाला तर काम सोपं. १९६७पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट आणि पॉन्टिॲकसाठी पीएचएस, अशा सेवा कंपनीच्या मूळ नोंदींवरून ती गाडी कारखान्यातून कोणत्या सामानासह निघाली ते सांगतात. फोटोत बोनेट उघडं असेल तर आतल्या पत्र्यावरची पाटीही मोठी करून बघा, आतल्या कापडाचा सांकेतिक क्रमांक तिच्यावर असतो.

आतोबांच्या स्लाइडच्या पुठ्ठ्यावर जून ७१ छापलंय. गाडी १९७०ची, फोटो फार तर ७१च्या उन्हाळ्याचा. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "सदुसष्टला ते तिकडे गेले, गाडी कुठली लगेच? आधी बसनेच जायचे." म्हणजे तिला माहीत होतं, विचारलं कोणी नव्हतं.

एकच गोष्ट राहिली. घड्याळ, स्टिअरिंग बघता गाडी मॅक-१ असेल का, हे सीटवरच्या पट्ट्यांवरून कदाचित ठरलं असतं. पण उन्हात रेक्झिन चटके देतं म्हणून आतोबांनी दोन्ही बकेट सीटवर सोलापुरी चादर अंथरली आहे, चांगली कोपऱ्यापर्यंत खोचून. तिचा नमुना मात्र अगदी स्पष्ट वाचता येतो.